दुसऱ्या गाडीचा बिल्ला

खोटा बिल्ला लावलेली गाडी दिसली की मार्लिस कुचेराच्या कपाळावरची शीर उडायची. हे साऱ्या काउंटीला, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांना, ठाऊक होतं. तरीही ऑगस्टच्या जत्रेत जुन्या पिकअप गाड्यांची पारख करायला दरवर्षी तिलाच बोलावणं जायचं, कारण तिच्यासारखी नजर आसपासच्या शंभर मैलांत कुणाला नव्हती. तीस वर्षं तिने गावात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवलं होतं. पत्र्यावर टिचकी मारून आत पुट्टी किती जाड बसलीय ते ती सांगायची. मागच्या वर्षी एका सावकारी थाटाच्या माणसाने साध्या गाडीवर वरच्या दर्जाचे बिल्ले चिकटवून आणले होते. मार्लिसने नखाने एक बिल्ला उचकटला, मागचा दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "कारखान्यात हे वापरत नव्हते. शाळेत वापरतात, चित्रं चिकटवायला."

या वर्षी, म्हणजे २०१४ साली, चौदा गाड्या होत्या. नववी तिच्या चुलतभावाने, ड्वेनने, आणली होती. गाडी खरं तर ड्वेनच्या वडिलांची. एमिलकाका सत्त्याऐंशी वर्षांचे होते. गाडीच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून, गवती टोपी मांडीवर ठेवून ते जर्दाळूचं कोलाचे, म्हणजे इथल्या चेक घरांत होणारा फळ भरलेला गोड पाव, खात बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून त्यांचा हात हातात घेत होता. चर्चचं छप्पर त्यांनी घालून दिलं, शाळेच्या मैदानाला जमीन त्यांनी दिली. माणूस म्हणजे गावाचा खांब.

काचेवर पुठ्ठा होता : '१९६४. कस्टम. एकच मालक. कारखान्यातून आली तशी.'

"ये गं पोरी," काका म्हणाले. "घरच्या माणसाला दोन गुण जास्त दे हो."

"घरच्या माणसाचे दोन कापते मी, काका. लोक बोलतात नाहीतर," मार्लिस हसून म्हणाली आणि गुडघ्यावर बसली.

त्या काळी ही पिकअप दोन दर्जांत मिळायची. साधी आणि कस्टम. साधीला पातळ गादी, आणि ऊन अडवायची झापड फक्त चालवणाऱ्याच्या डोक्यावर. शेजारी बसणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. हीटर मागितला तरच. कस्टमला दारांवर चमकती पट्टी, तिच्या टोकाला बिल्ला, दोन रंगांची जाड गादी, दोन्ही बाजूंना झापडा आणि हीटर. बाहेरून रंग एकच असला तर बिल्ला आणि पट्टी हाच काय तो फरक.

बिल्ला अस्सल होता. मार्लिसने लोहचुंबक लावून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला, कडेला पन्नास वर्षांच्या हवेने पाडलेले बारीक खड्डे पाहिले. नकली बिल्ल्याला असे खड्डे कुणी पाडू शकत नाही. मग तिने दाराच्या आतलं आवरण सैल करून दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आत घातला, बॅटरी मारली, आणि बराच वेळ तशीच राहिली.

कारखान्यात बिल्ल्याची भोकं आधी पाडत, रंग नंतर देत. त्यामुळे भोकाच्या काठावरही रंग असतो. इथे काठ उघडा होता, गंजून तांबडा झालेला. आतल्या बाजूला पत्र्याला खरखरीत कड आली होती, हाताने ड्रिल मारल्यावर येते तशी. पट्टीच्या सहा भोकांपैकी एक चुकून दोनदा पाडलेलं होतं.

"ड्वेन, हे दार कधी बदललंय का?"

"नाही बुवा. एक खिळासुद्धा बदललेला नाही."

"दुसरं?"

"तेही नाही. अगं, काय झालं काय? तुझ्यासाठी तर खास गंमत आणलीय मी." ड्वेनने प्लास्टिकच्या पाकिटातला पिवळा पडलेला कागद काढला. "गादी साफ करताना खालच्या स्प्रिंगमध्ये सापडला. कारखान्याची यादी! कुठल्या गाडीला काय काय बसवायचं ते कामगारांना कळावं म्हणून लावायचे ना, तीच. बघ, कस्टम लिहिलंय. हीटर लिहिलाय. आता बोल."

असा कागद म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. हजारात एखाद्याच गाडीत टिकतो. मार्लिसने चष्मा लावला. कस्टम. हिरवा रंग. हीटर. दोन झापडा. सगळ्यात वर गाडीचा नंबर.

तिने चालकाचं दार उघडलं आणि खांबावर ठोकलेली नंबरपट्टी पाहिली. कागदावरचा आकडा सातवर संपत होता. पट्टीवरचा सहावर.

"एका आकड्याचा घोळ आहे," ड्वेन खांद्यावरून वाकून म्हणाला. "कारकुनाची चूक असणार."

मार्लिस उठली. तिने काकांकडे पाहिलं. काका कोलाचे खायचे थांबले होते. ओठावर साखरेचा कण, आणि नजर कागदावर. तो कागद आपल्या गादीखाली एक्कावन्न वर्षं होता हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि तेवढं त्यांच्या तोंडावर दिसलं.

"तीनला निकाल आहे ना?" मार्लिस म्हणाली. "येते मी."

घर चाळीस मिनिटांवर. वाळूच्या टेकड्यांमधला तो रस्ता तिने कसा कापला हे नंतर तिला आठवेना. डोक्यात एकच आकडा होता. सहा आणि सात. दोन गाड्या एकदमच मागवल्या होत्या, दोन भावांसाठी, एकाच रंगाच्या.

तिचे वडील लाडिस्लाव (घरात त्यांना 'लाड' म्हणत) आणि एमिलकाका, दोघांनी ऑक्टोबर १९६३च्या शेवटी रेल्वेच्या गावाहून पुढच्या सालच्या मॉडेलच्या त्या गाड्या आणल्या आणि काकांच्या शेडमध्ये लावल्या. नोंदणीची पाटी अजून मिळायची होती. वडील त्या संध्याकाळी पायीच घरी आले, खुशीत, आणि आईला म्हणाले, "रोझाली, या हिवाळ्यात तुझे पाय गरम राहतील. कसे ते विचारू नकोस. गंमत आहे." तिसऱ्या दिवशी उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि ते खाली सापडले. मार्लिस तेव्हा सात वर्षांची होती.

प्रेतयात्रेनंतर दोन आठवड्यांनी एमिलकाकांनी गाडी आणून दारात लावली. दारावर बिल्ला नाही. पातळ गादी. हीटर नाही.

"लाडने साधीच सांगितली होती," काका म्हणाले होते. "काटकसरी होता बिचारा."

सगळ्यांना वाटलं रोझाली पोरीला घेऊन माहेरी जाईल. ती गेली नाही. तिने गुरं ठेवली, कुरण ठेवलं, आणि त्याच गाडीतून अठरा हिवाळे गवत वाहिलं. गाडीच्या काचेवर आतून बर्फ धरायचा. ती तो धिरड्याच्या उलथन्याने खरवडायची. मार्लिसला शाळेत सोडताना दोघींच्या पायांत रॉकेलचा कंदील असायचा. धुराने डोकं चढायचं म्हणून काच थोडी उघडी ठेवायची, आणि उघड्या काचेतून पुन्हा वारा. तिसऱ्या हिवाळ्यात वरच्या कुरणात गाडी बर्फात रुतली. रोझाली रात्रभर आत बसून राहिली. तिच्या उजव्या पायाची दोन बोटं डॉक्टरने कापली.

आणि या सगळ्या काळात ती एकाच माणसाला शिव्या द्यायची. मेलेल्या नवऱ्याला. "गरम राहतील म्हणे पाय! मरता मरता पण खोटं बोलून गेला." हे वाक्य मार्लिसने इतक्यांदा ऐकलं होतं की वडिलांचा चेहरा आठवायच्या आधी तिला ते आठवायचं.

ती गाडी १९८१पासून मागच्या शेडमध्ये पडून होती. आयुष्यभर लोकांच्या गाड्या उलट्यापालट्या करून पाहणाऱ्या मार्लिसने त्या एका गाडीला कधी हात लावला नव्हता. तिला तिची किळस होती.

आज तिने शेडचं दार लाथेने उघडलं.

दाराच्या खांबावरचा नंबर सातवर संपत होता.

पुढचं काम तिने अगदी सावकाश केलं, परक्याच्या गाडीचं करावं तसं. दारावर चुंबक फिरवलं. जिथे बिल्ला असायला हवा तिथे ते धरेना. चाकूने रंग खरवडला. खाली पुट्टी, पुट्टीखाली भोक, आणि भोकाच्या काठावर कारखान्याचा हिरवा रंग. शेजारच्या सीटच्या वर, छताच्या कडेला, तीन बुजवलेली स्क्रूची भोकं. सात वर्षांची असताना रोज सकाळी ती तिथेच डोळे मिटून बसायची, सूर्य सरळ तोंडावर यायचा. इंजिनामागच्या पत्र्यावर हीटरच्या नळ्यांची भोकं एका पत्र्याच्या तुकड्याने झाकलेली होती. कारखान्याचं झाकण गोल आणि सफाईदार असतं. हा तुकडा कात्रीने वेडावाकडा कापलेला होता, गुरांच्या मिठाच्या डब्याचा; उलटा केल्यावर अर्धी अक्षरंही दिसली.

मार्लिस तिथेच वाळलेल्या शेणाच्या जमिनीवर बसली आणि तोंडाला येईल ते बोलली. शेडमध्ये ऐकायला चिमण्या होत्या, त्याही उडाल्या.

पावणेतीनला ती जत्रेच्या मैदानावर परतली. टेबलाशी जाऊन तिने नवव्या गाडीचा गुणांचा कागद घेतला आणि उभ्या उभ्या भरला. गुण दिले नाहीत. प्रत्येक ओळीपुढे लिहिलं. बिल्ले : रोझाली कुचेराच्या गाडीचे. दारावरच्या पट्ट्या : रोझाली कुचेराच्या गाडीच्या. गादी : तिचीच. उजवी झापड : तिची. हीटर : तिचा. मग नियमाप्रमाणे कागद काचेच्या पुसणीखाली खोचला, सगळ्यांना वाचता येईल असा.

ड्वेनने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काय आहे मार्लिस? वेड लागलंय का तुला?"

"बापाला विचार तुझ्या."

"ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत गं! चारचौघांत..."

"माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. आठ बोटांवर चालते. तिचं सगळं चारचौघांतच झालं, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही."

माणसं गोळा झाली होती. पाद्री जवळ आले आणि हलकेच म्हणाले, "मार्लिस, शांतपणे घे. घरी बसून बोला."

"घरी बसूनच चोरी झाली होती, फादर. आता जरा उघड्यावर होऊ दे." ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आजवर तिने त्यांना काका म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती. "एमिल. माझ्याकडे बघ."

त्यांनी पाहिलं. पाण्यासारखे फिके डोळे.

"कधी केलंस? बाबांना पुरल्यावर की आधी?"

त्यांनी ओठ पुसले. मग म्हणाले, "त्या दोन आठवड्यांत. एकट्याने. रात्री नाही, दिवसाच. कोण बघणार होतं?"

"का?"

"थोरला मी. कुरण मी सांभाळलं, बापाला मी सांभाळलं. आणि लाडने स्वतःसाठी चांगली गाडी सांगितली, मला विचारलंसुद्धा नाही. बायकोचे पाय गार पडतात म्हणे." त्यांनी टोपी मांडीवर फिरवली. "तो गेला. मला वाटलं ती माहेरी जाईल. गाडी विकेल. परक्याच्या घरात जाण्यापेक्षा..."

"ती गेली नाही."

"नाही गेली."

"मग पहिल्या हिवाळ्यात सांगायचंस. दुसऱ्या हिवाळ्यात सांगायचंस. तिची बोटं कापली तेव्हा तू दवाखान्यात आला होतास. मला आठवतंय. मला संत्रं दिलं होतंस तू! त्याच गाडीतून आला होतास ना? हीटर लावून?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "जितका उशीर झाला, पोरी, तितकं अवघड होत गेलं."

"पोरी म्हणू नकोस मला."

कुणीतरी भोंग्यावर निकाल सांगायला सुरुवात केली होती. मध्येच आवाज बंद झाला. मघाशी एमिलचा हात हातात घेणारी माणसं आता जमिनीकडे बघत होती. एकीने कोलाचेची ताटली उचलून नेली. एवढंच. कुणी त्याला बोललं नाही, आणि मार्लिसला त्याचाही राग आला.

मग मार्लिस तिच्या गाडीने आईच्या वृद्धाश्रमात गेली. रोझाली खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. तिथल्या स्वयंपाकघराकडून ती दर आठवड्याला हे काम मागून घ्यायची. मार्लिसने पहिल्यापासून सगळं सांगितलं. कागद, आकडे, भोकं, मिठाच्या डब्याचा पत्रा. रोझालीचे हात चालूच होते. मग थांबले.

"म्हणजे हीटर होता," ती म्हणाली.

"होता."

"लाडने सांगितला होता."

"हो आई. यादीत लिहिलंय."

रोझालीने शेंगांचं भांडं बाजूला सरकवलं, इतक्या जोरात की अर्ध्या शेंगा खाली सांडल्या. "एक्कावन्न वर्षं! एक्कावन्न वर्षं मी त्या माणसाला खोटारडा म्हणतेय. त्याच्या थडग्यावर उभी राहून म्हटलंय मी." तिचा आवाज चिरकला. नर्स दारात आली. "काय बघतेस? माझे बूट आण. मार्लिस, पाने-पकडी घेऊन ये. उद्या एमिलकडे जायचंय."

"आई, त्याने कबूल केलंय. मी बघते काय ते."

"तुझं काही नाही त्यात. तू फक्त बोल्ट काढ."

रविवारी प्रार्थनेच्या वेळी दोघी एमिलच्या अंगणात पोचल्या. तो चर्चला गेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची प्रार्थना चुकली असेल. रोझाली गाडीतून उतरली, काठी टेकत अंगणाच्या मधोमध आली आणि ड्वेनने धावत आणून दिलेल्या खुर्चीवर बसली. मार्लिसने कामाला सुरुवात केली. दारावरच्या पट्ट्या, मग बिल्ले. मागच्या चकत्या गंजल्या होत्या. घाई केली तर बिल्ल्यांच्या मागच्या खुंट्या तुटतील म्हणून तिने एकेका चकतीला तेल पाजलं. झापड. मग गादीचे चार बोल्ट. ड्वेनने पुढे होऊन गादीची दुसरी बाजू धरली. हीटरला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एमिल ओसरीच्या पायरीपर्यंत आला. "रोझाली," तो म्हणाला, "मला माफ कर."

"नाही," रोझाली म्हणाली.

"मी म्हातारा झालोय."

"मीही झालेय. त्यात तुझं काय विशेष? तू मला चर्चमध्ये नाताळला हातमोजे द्यायचास, एमिल. लोकरीचे. दरवर्षी. मी तुझे आभार मानायची." ती त्याच्याकडे बघत होती आणि तिची काठी जमिनीवर टकटक वाजत होती. "ते आभार मला परत हवेत. ते कुठल्या पान्याने काढू, सांग."

तो खाली पायरीवर बसला. ड्वेन त्याच्याकडे गेला नाही.

सगळं सामान मार्लिसच्या गाडीत मागे रचल्यावर ड्वेनने हात पुसत विचारलं, "हे आता त्या जुन्या गाडीला परत बसवणार का काकू? मी येईन मदतीला. पैसे नको."

"काय करायचंय बसवून? मी काय आता गवत वाहायला जाणार आहे?" रोझाली म्हणाली. "त्याच्याकडे राहू नये, एवढंच." मग जरा थांबून म्हणाली, "तुझा काही दोष नाही रे. पण आज मला तुझंही तोंड बघवत नाही. नंतर ये कधीतरी."

परत निघताना तिने स्मशानाकडे गाडी वळवायला सांगितली. लाडिस्लावचं थडगं वरच्या चढावर होतं आणि गवत ओलं होतं, तिच्या पायाला ते जमलं नसतं. म्हणून मार्लिसने गाडी कुंपणाला लावली आणि आईच्या बाजूची काच खाली केली. रोझाली चेक भाषेत बोलू लागली. मार्लिसला ती भाषा प्रार्थनेपुरतीच यायची. तिला वाटलं आई माफी मागत असेल, रडेल, म्हणून तिने रुमाल काढून ठेवला. पण आवाज चढतच गेला. रोझाली खिडकीबाहेर बोट नाचवून नवऱ्याला झापत होती, चांगली दहा मिनिटं. धाप लागली तेव्हाच थांबली.

"काय म्हणालीस त्यांना?" मार्लिसने विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, सरळ सांगायला काय झालं होतं? हीटर घेतलाय, दोन शब्द! पण नाही. गंमत करायची होती साहेबांना." तिने रुमाल मार्लिसच्या हातातून ओढून घेतला आणि नाक पुसलं. "चल आता. शेंगा तशाच पडल्यात माझ्या."